ओ निगेटिव्ह किती?

शकू भगतला आमच्या रक्तदाता मंडळात कुणी बोलावून आणलं नव्हतं. ती रक्त द्यायला आली होती आणि आम्ही तिला परत पाठवलं होतं.

पनवेलच्या लाइन आळीत डॉक्टर अरुंधती परचुरे यांची लॅब होती आणि तिला लागून एक छोटी रक्तपेढी. बाईंनीच मंडळ सुरू केलं होतं. मी शाळेत शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाची चिटणिशी करायचो. एक्क्याण्णव साली करंजाड्याला शिबिर घेतलं. तेव्हा ते गावच होतं. नव्या शहरासाठी शेतं गेली होती, पण इमारती उठायच्या होत्या. गावातले बापये संकोचत का होईना येत होते. बायका मात्र दारात उभ्या राहून बघायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्यातून शकू एकटी पुढे आली. इस्त्रीची साडी, डोक्यात अबोली, जणू लग्नालाच निघाली होती.

अरुंधतीबाईंनी तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त पुरेसं असेल तर थेंब बुडतो. शकूचा थेंब तरंगत राहिला.

"म्हणजे माझं रक्त कामाचं नाय?" तिनं विचारलं.

"कामाचं आहे, पण तुमचं तुम्हालाच पुरत नाहीये. आधी स्वतः नीट जेवायला लागा," बाई म्हणाल्या.

दुसरी कुणी असती तर घरी गेली असती. शकू तिथेच खुर्चीवर बसून राहिली. नावं लिहिणारा आमचा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता आणि टेबलावर कोरी कार्डं नुसती पसरली होती. थोड्या वेळानं मी पाहिलं तर शकूनं कार्डांची थप्पी लावली होती आणि समोरच्या माणसाला त्याचं नाव विचारत होती. अक्षर गोल, स्वच्छ. संध्याकाळपर्यंत सगळी कार्डं तिनंच लिहिली.

नंतर हळूहळू तिची माहिती कळली. ती उरणकडच्या मिठागरातली. आईवडील दोघंही मिठावर राबायचे. हिची हुशारी बघून पनवेलच्या आत्यानं तिला शिकायला ठेवून घेतलं. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या दोन्ही परीक्षा ती पास झाली, आणि त्याच वर्षी करंजाड्यात लग्न झालं. नवरा विठू तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर. माणूस शांत, बायकोच्या आड न येणारा. पण सासू आजारी, दोन मुलं लहान, त्यामुळे टायपिंग तसंच राहिलं. मुलं शाळेत जायला लागल्यावर घरी दुपारी हिला करमेना. शिबिरानंतर ती दुपारची लॅबवर यायला लागली आणि वर्षभरात बाईंनी तिला रीतसर टायपिस्ट म्हणून ठेवून घेतलं. रिपोर्ट टाइप करायचे आणि मंडळाची कार्डं सांभाळायची, हे तिचं काम.

तिचा खरा हातखंडा होता फोनचा. रक्त मागायला फोन करणं सोपं नसतं. माणूस जेवत असतो, कामावर असतो, कुणाची आई घाबरट असते. त्यातून निम्म्या दात्यांकडे स्वतःचा फोन नसायचा. कार्डावर शेजारच्या वाण्याचा नंबर आणि पुढे 'पी.पी.' लिहिलेलं. आधी त्या वाण्याला पटवायचं, मग त्यानं पोरगं धाडून माणसाला बोलवायचं. मी फोन केला की लोक कारणं सांगायचे. शकूनं केला की यायचे. ती कधी गयावया करायची नाही. कोण आजारी आहे, कुठल्या दवाखान्यात आहे, किती वेळ लागेल, एवढं सांगायची आणि गप्प व्हायची. तिच्या त्या गप्प होण्यातच काहीतरी होतं.

सत्त्याण्णव साली तळोज्याच्या एका कंपनीनं आपला वापरलेला कॉम्प्युटर मंडळाला दिला. लॅबच्या आतल्या खोलीत टेबलावर तो बसवला आणि वरून प्लास्टिकचं कव्हर घातलं. देवेश नावाचा तरुण गावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. त्यानं एक्सेलमध्ये आमच्या दात्यांचा तक्ता आखून दिला: नाव, गाव, फोन, रक्तगट, शेवटचं रक्तदान. कार्डांचे खण होते तीन. दोन शकूनं स्वतः टाइप केले. तिसरा, उरणकडच्या गावांचा खण देवेशनं आपल्या क्लासमधल्या विद्यार्थ्यांना सरावासाठी दिला. त्यांनी उत्साहानं आठवड्यात संपवला.

सुरुवातीला शकू त्या यंत्राला बिचकायची. टाइपरायटरचं बटण जोरात मारायची सवय, त्यामुळे कीबोर्ड टेबलावर उड्या मारायचा. पण एक दिवस देवेशनं तिला मोजायचं सूत्र शिकवलं आणि तिची कळी खुलली. आधी बरोबरचं चिन्ह, मग काउंटइफ, मग कंस. कंसात कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत बघायचं ते, स्वल्पविराम, आणि अवतरणचिन्हांत अट. एंटर मारला की त्या पट्ट्यातल्या जेवढ्या घरांना अट लागू पडते, तेवढा आकडा हजर.

"म्हणजे मी विचारायचं आणि यानं मोजायचं," शकू म्हणाली.

देवेश म्हणाला, "तुम्ही जे विचाराल तेवढंच मोजणार, ताई. मनातलं त्याला कळत नाही."

आठही रक्तगटांसाठी तिनं आठ सूत्रं लिहिली. दर सोमवारी त्यांचे आकडे भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं उतरवायची. बी पॉझिटिव्ह सगळ्यांत जास्त. एबी निगेटिव्ह दोन. ओ निगेटिव्ह पाच. दवाखान्यातून फोन आला की बाई फळ्याकडे बघूनच आहे-नाही सांगायच्या. आम्हा सगळ्यांनाच त्या फळ्याचा मोठा आधार वाटायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली सकाळ. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मी लॅबवर बसलो होतो. दहाच्या सुमाराला एका प्रसूतिगृहातून फोन आला. कोन गावची मनिषा नावाची मुलगी, पहिलंच बाळंतपण. बाळ व्यवस्थित झालं होतं, पण रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्हच्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. रक्तपेढीत एक बाटली होती. ती लगेच पाठवली. डॉक्टरांना आणखी निदान तीन हव्या होत्या. मुंबईहून आणायला गाडी निघाली होती, पण हायवेवर कळंबोलीच्या पुढे टँकर उलटून रस्ता बंद पडला होता.

मनिषाचा नवरा परेश जिना चढून वर आला. पंचविशीतला मुलगा, पायात चपला नाहीत. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. शकूनं त्याला बाकावर बसवलं, पाण्याचा ग्लास हातात दिला आणि कॉम्प्युटरच्या खोलीत गेली.

फळ्यावरच्या पाचातला पहिला दाता नाशिकला बदलून गेला होता. दुसऱ्यानं मागच्याच महिन्यात रक्त दिलं होतं. तीन महिने पुरे झाल्याशिवाय त्याचं घेता येत नाही. तिसऱ्याला कावीळ होऊन गेली होती. चौथी मुलगी स्वतःच गरोदर. पाचवा होता कापड बाजारातला एक दुकानदार. तो शटर अर्धं ओढून तसाच धावत आला. म्हणजे एक बाटली झाली. अजून दोन हव्या होत्या आणि यादी संपली होती.

शकू फोनजवळ बसून राहिली. मी तिला तसं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाहेरच्या बाकावरून परेश मधूनमधून आत बघायचा आणि पुन्हा मान खाली घालायचा.

अरुंधतीबाई दुकानदाराच्या रक्ताच्या तपासण्या करत होत्या. मधेच त्या दारात आल्या. शकूनं पाचच नावं असल्याचं सांगितलं. बाईंनी फळ्याकडे बघितलं.

"शकू, आठही गटांची बेरीज केलीस कधी?"

"नाय."

"मी पांढऱ्या पेशी मोजते ना, पाच प्रकारच्या. त्या सगळ्यांचे टक्के मिळून शंभर व्हावेच लागतात. नाही झाले तर माझं काहीतरी नजरेतून निसटलंय. आपले एकूण दाते किती, आणि या आठांची बेरीज किती? बघ बरं."

एवढं बोलून त्या परत आपल्या कामाला गेल्या. शकूनं आठ आकड्यांची बेरीज मांडली. तीनशे एकाहत्तर. मग नावांच्या रकान्यातली भरलेली घरं मोजली. चारशे बारा.

मी म्हणालो, काही जणांचा गट लिहायचा राहिला असेल. शकूनं तेही मोजून बघितलं. रिकामं घर एकही नव्हतं. म्हणजे एक्केचाळीस माणसं अशी होती की ज्यांना गट होता, पण ती आमच्या आठांपैकी कुठल्याच गटात मोजली जात नव्हती.

तिनं सगळा तक्ता रक्तगटाच्या क्रमानं लावला. असा क्रम लावला की सर्वांत वर ए गट यायला हवा. आला ओ. तिनं चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावलं.

"सर, ओ इकडे वर काय करतोय? त्याची जागा तर खाली."

मीही वाकलो. मला काही वेगळं दिसेना. ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह, आणि त्याखाली ओ पॉझिटिव्हची रांग. शकूनं ओ पॉझिटिव्हच्या एका घरावर जाऊन पहिलं अक्षर पुसलं आणि कीबोर्डवरचा ओ दाबला. नवा ओ वाटोळा, गरगरीत उमटला. शेजारच्या ओळीतला त्याच्यापुढे अगदी सडपातळ दिसत होता.

तो ओ नव्हताच, शून्य होता; क्रम लावला की आकडे अक्षरांच्या आधी येतात. कार्डावर हातानं लिहिलेला इंग्रजी ओ आणि शून्य, दोन्ही सारखेच दिसतात. उरणच्या खणातली कार्डं टाइप करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी शून्य समजून आकड्यांच्या रांगेतलं बटण दाबलं होतं. माणसाच्या डोळ्याला चालून जाण्यासारखं होतं ते. सूत्राला विचारला होता ओ, त्यानं ओ तेवढेच मोजले, शून्यं सोडून दिली. चूक त्याची नव्हती.

शकूनं ओ निगेटिव्हच्या सूत्रातल्या अटीतही ओच्या जागी शून्य घातलं आणि एंटर मारला. तीन. वर्षभर आमच्या तक्त्यात असलेली, आणि फळ्यावर कधीच न आलेली तीन माणसं.

पहिला फोन नुसताच वाजत राहिला. दुसरा नंबर उरणमधल्या एका शाळेचा होता. वसुंधरा लेले नावाच्या शिक्षिका. शिपायानं त्यांना वर्गातून बोलावून आणलं. शकूनं नेहमीसारखं कोण, कुठे, किती वेळ, एवढंच सांगितलं आणि थांबली. पलीकडून लेलेबाईंनी फक्त पत्ता विचारला. तिसरा नंबर होता उरणजवळच्या करंजा बंदरावरच्या एका बर्फवाल्याचा, आणि पुढे पी.पी. दाता कमळाकर नाखवा. बर्फवाला म्हणाला, लिलाव चाललाय, कमळाकर माशांच्या टोपल्यांमध्ये उभा आहे, आत्ता कसा बोलावू? शकूनं त्याला सांगितलं, बाळंतीण आहे. त्यानं रिसीव्हर तसाच ठेवला असावा, कारण आम्हाला लिलावाचा सगळा गलका ऐकू येत राहिला. त्या गलक्यातून अखेर एक घोगरा आवाज आला.

"ताय, मी निंगतो. कुटं यायचा तं सांग."

उरणचा रस्ता मोकळा होता. टँकर आडवा पडला होता तो मुंबईच्या बाजूला. त्या सकाळी मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला तो हे लक्षात आल्यावर. शकूनं परेशला बोलावून सांगितलं की दोन माणसं निघाली आहेत. त्याचा विश्वास बसला नसावा. त्यानं त्यांची नावं विचारली, ती पुटपुटत पाठ केल्यासारखी म्हटली आणि ती सांगायला प्रसूतिगृहाकडे पळाला.

लेलेबाई आधी पोचल्या. हाताला खडू तसाच, खांद्याला पर्स, पर्समध्ये न तपासलेले पेपर. टेबलावर आडव्या झाल्यावरही त्या मला शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या. दोन मास्तर भेटले की दुसरं काय होणार. कमळाकर आला तो मासळीच्या टेंपोतून. टेंपो लाइन आळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि मागून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत राहिलं. काळा, रुंद खांद्यांचा माणूस, गुडघ्यापर्यंत चड्डी. वर यायच्या आधी त्यानं खालच्या नळावर हातपाय धुतले, तरी माशाचा वास त्याच्याबरोबर खोलीत आलाच. त्याला त्याचीच लाज वाटत होती. बाई त्याला म्हणाल्या की असलं लाल रक्त बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. तेव्हा कुठे तो हसला.

शकूला मात्र रक्त बघवत नसे. सात वर्षं रक्तपेढीच्या भिंतीला लागून बसली होती, पण बाटली भरताना ती कधी आत गेली नाही. त्या दिवशीही ती बाहेरच होती. दोघांसाठी चहा, बिस्किटं आणि कमळाकरला वर आणखी दोन केळी, हे सगळं मांडत.

तपासण्या होऊन दोन्ही बाटल्या प्रसूतिगृहात गेल्या. मग नुसती वाट बघणं. बाई दुसऱ्या पेशंटचे रिपोर्ट बघायला बसल्या. शकूनं टाइपरायटरवर कागद चढवला, पण बटण काही दाबलं नाही. दुपार कलायच्या सुमाराला फोन वाजला. शकूनं उचलला. ती नुसती ऐकत राहिली, दोनदा "हो" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

"थांबलाय," ती म्हणाली. "रक्त जायचं थांबलाय. मनिषानं पाणी मागितलं."

मग ती उठली, जिन्यात जाऊन पायरीवर बसली आणि रडली. आम्ही तिला रडू दिलं. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, आणि भूक लागली म्हणाली. आम्ही कुणीच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. अरुंधतीबाई पक्क्या शाकाहारी. त्यांनी कोरडी भाकरी घेतली, आम्ही दोघांनी चटणी संपवली. इतकी चवदार भाकरी मी त्यानंतर खाल्लेली नाही.

दुसऱ्या दिवशी देवेश आला. झालेलं ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याच्याच क्लासची पोरं ती. शकूनं त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. तिनं म्हटलं, पोरांचं कशाला, मीही वर्षभर आकडे उतरवले आणि बेरीज केली नाही. आता पुढचं बघू. दोघांनी मिळून सगळी शून्यं दुरुस्त केली. देवेशनं रक्तगटाच्या रकान्याला असं कुलूप घातलं की ठरलेल्या आठ गटांखेरीज तिथे दुसरं काही लिहिताच येऊ नये. शकूनं आठ सूत्रांच्या खाली नववं लिहिलं. त्यात एकूण दात्यांतून आठांची बेरीज वजा होई. उत्तर शून्य आलं म्हणजे सगळे मोजले गेले. फळ्यावर तिनं तेही लिहायला सुरुवात केली आणि बाकीच्या आकड्यांच्या आधी तेच बघायची.

उरणकडच्या ओ पॉझिटिव्ह लोकांचीही अशी वर्षानंतर आठवण झाली. बिचारे शिबिरात नावं देऊन वाट बघत राहिले असतील. शकूनं त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावले, रक्त मागायला नव्हे, तर नंबर तोच आहे ना, तब्येत बरी आहे ना हे विचारायला. बहुतेकांना त्याचंच अप्रूप वाटलं. पुढल्या शिबिराला उरणकडून भरभरून माणसं आली, ती बहुधा त्या फोनांमुळेच.

मनिषाच्या मुलीचं बारसं कोनला झालं. शकू, विठू आणि मी गेलो. लेलेबाईंना शाळेमुळे जमलं नाही. कमळाकर आला होता, नवा कोरा शर्ट घालून, बरोबर भलंथोरलं पापलेट. मनिषाच्या सासूनं ते घेतलं खरं, पण बारशाच्या घरात त्याचं काय करायचं ते तिला कळेना. बायका हसायला लागल्या. मनिषा अजून अशक्त होती, भिंतीला टेकून बसली होती. तिनं बाळ आधी शकूच्या मांडीवर दिलं. शकूनं थोडा वेळ घेतलं आणि कमळाकरकडे सरकवलं. त्याला बाळ धरायची सवय नसावी. त्यानं दोन्ही हात पुढे केले, पाण्यातलं जाळं ओढावं तसे, आणि श्वास रोखून बसला.

"रडत नाय ही," तो हळूच म्हणाला.

"कशाला रडेल," मनिषा म्हणाली, आणि आतून पाळणा हलवायची हाक आली.